विंडोज ९८ आता आणायची कुठून?

१९९५ ते २०१० ही मराठवाड्यातल्या छोट्या छापखान्यांच्या उलथापालथीची वर्षं. खिळे जुळवणारी माणसं घरी बसली आणि एक संगणक, एक लेझर प्रिंटर, भाड्याचा एक गाळा एवढ्या भांडवलावर डीटीपीची दुकानं उभी राहिली. गुरुजींनी लिहिलेले गावांचे इतिहास, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, सप्ताहाच्या पत्रिका, पहिलेवहिले कवितासंग्रह हे सगळं या गाळ्यांमध्ये पेजमेकरवर लागलं, बटर पेपरवर निघालं आणि ऑफसेटवर छापलं गेलं. छापील प्रती वाटून संपल्या, वाळवीनं खाल्ल्या, रद्दीत गेल्या. फाइली मात्र सीडीवर शिल्लक आहेत. त्या नीट उघडायच्या तर ज्या विंडोजवर त्या घडल्या तीच विंडोज लागते, आणि ती आज कुठल्याही दुकानात नवी मिळत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला असाच एक गाळा आहे. मालकांना सगळी वस्ती मामा म्हणते. त्यांची सख्खी भाची इथल्या खंडपीठात वकिली करते आणि कोर्ट सुटलं की कधीमधी दुकानात डोकावते. त्या दोघांचा वाद एका पुस्तकावरून सुरू झाला. जालना जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला, तो मामांनी २००३ मध्ये छापला. पुढे गुरुजी पुन्हा आले, चुका दुरुस्त करून घेतल्या, पाणीटंचाईवर एक नवं प्रकरण घालून घेतलं. दुसरी आवृत्ती निघायच्या आत ते गेले. ते प्रकरण कागदावर कुठंच नाही. आता मुलाला ती आवृत्ती काढायची आहे आणि मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आहे. वाद झाला तेव्हा मी तिथंच बसलो होतो. तो एका गाळ्यापुरता नाही असं वाटलं, म्हणून लिहितो आहे.

मामा : हे बघ माय. १९९९ ला मशीन घेतलं तेव्हा ही सीडी सोबत आली. ही पुस्तिका, तिच्यावर हा नंबर. पावतीसुद्धा जपून ठेवलीय. आता सीडीचा चंदेरी थर उडालाय, ड्राइव्हमध्ये टाकली की नुसती घरघर. हार्ड डिस्क तर केव्हाच गेली. हीच सीडी नेटवर जशीच्या तशी पडलेली आहे. ती उतरवायची, माझाच नंबर टाकायचा आणि गुरुजींची फाइल उघडायची. यात मी कुणाचं काय घेतलं?

भाची : तुमचे पैसे खरे, नंबर खरा, गुरुजींचं कामही खरं. तरी ती फाइल उतरवणं कायद्यात बसत नाही, मामा.

मामा : पैसे देऊनसुद्धा?

भाची : देऊनसुद्धा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचा. कशाकशाला भंग म्हणायचं नाही याची यादी त्यात आहे. १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ पासून लागू झाली, तेव्हा त्यात संगणक प्रोग्रामसाठी सोय आली. ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्यानं हरवण्या-मोडण्यापासून सांभाळ म्हणून राखीव प्रत काढावी, हरकत नाही. पण ती प्रत कशापासून काढायची? त्याच, स्वतःजवळच्या प्रतीपासून. कुणा अनोळखी माणसानं नेटवर टाकलेल्या प्रतीपासून नव्हे. १९९९ ला घरगुती, बिगरधंद्याच्या वापरासाठी आणखी एक मुभा आली. तिथंही अट हीच, प्रत स्वतः रीतसर मिळवलेली हवी.

मामा : म्हणजे सीडी धड होती तेव्हाच मी तिची सीडी करायला पाहिजे होती.

भाची : हो. तसं केलं असतं तर आज कुणी बोट दाखवू शकलं नसतं.

मामा : १९९९ ला मुकुंदवाडीत सीडी रायटर कुणाकडं होता गं? आणि पुस्तिकेत कुठं मराठीत लिहिलं होतं की बाबा, ही सीडी पंधरा-वीस वर्षांत मरणार आहे, आजच दुसरी करून ठेव?

हा प्रश्न मला बिनतोड वाटला. राखीव प्रतीचा हक्क कायद्यानं दिला त्या काळात ती प्रत काढायचं साधन सामान्य दुकानदाराच्या आवाक्याबाहेर होतं. साधन स्वस्त झालं तोवर मूळ सीड्या सडायला लागल्या होत्या. हक्क कागदावर राहिला आणि वापरायची वेळ निघून गेली.

मामा : बरं, वस्तू विकत घेतली की ती माझी का नाही? तूच मागं सांगितलं होतंस, सुप्रीम कोर्टानं सॉफ्टवेअरला माल म्हटलंय म्हणून.

भाची : म्हटलंय. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश, २००४ चा निकाल. सीडीवर भरून बाजारात विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर हा माल आहे, त्यावर विक्रीकर बसतो. पण २ मार्च २०२१ ला त्याच कोर्टानं इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिसच्या निकालात दुसरी बाजू स्पष्ट केली. प्रत विकत घेणाऱ्याला प्रत मिळते, कॉपीराइट मिळत नाही. तुमची सीडी तुमची आहे, ती तुम्ही तिजोरीत ठेवा नाहीतर मोडा. तिच्यासारख्या आणखी सीड्या करायचा हक्क तुमच्याकडे कधी आलाच नाही.

मामा : पुस्तकाचंही तसंच आहे, ते मला कळतं. मी छापणारा माणूस आहे. पण पुस्तक फाटलं तर मी ग्रंथालयात जाऊन वाचतो. हिच्यासाठी ग्रंथालय कुठाय?

भाचीनं लगेच उत्तर दिलं नाही. तो प्रश्न पुढे परत आला, तेव्हा तिनं त्याला पुरा न्याय दिला. त्याआधी मामांनी जुनी खपली काढली.

मामा : आणि ही मोठी माणसं काय स्वतःच्या घरून पीठ घेऊन आली होती? आम्ही सिडकोत क्लासला जायचो तेव्हा डॉस शिकवायचे. आमचे सर सांगायचे, डॉससुद्धा दुसऱ्याचं बघून केलेलं आहे.

भाची : सरांचं अर्धं खरं होतं. गॅरी किल्डॉल नावाच्या माणसाची सीपी/एम ही प्रणाली तेव्हा गाजत होती. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समधल्या टिम पॅटरसननं १९८० मध्ये ८६-डॉस लिहिलं, ते सीपी/एमसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या चिपवर सहज आणता यावेत अशा बेतानं. प्रोग्रामनं प्रणालीकडे काम मागायची रीत त्यानं तीच ठेवली. मायक्रोसॉफ्टनं जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलर मोजून ते सगळ्या हक्कांसह घेतलं आणि ऑगस्टमध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ते जगभर गेलं. किल्डॉलना ते आयुष्यभर सललं.

मामा : मग?

भाची : मग हे की रीत तीच ठेवली तरी कोड पॅटरसननं स्वतः लिहिला होता. तो फरक कायद्यात फार मोठा आहे आणि तो तुमच्याच उपयोगाचा आहे. चिकलठाणा एमआयडीसीतले ते वर्कशॉपवाले काका तुमच्याकडे आले होते, आठवतं? त्यांच्या लेथचा प्रोग्राम डॉसवर चालतो आणि डॉस मिळत नाही म्हणून ते मेटाकुटीला आले होते. त्यांना मी फ्रीडॉस सांगितलं. जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्यानं १९९४ मध्ये ते सुरू केलं, कारण मायक्रोसॉफ्ट आता डॉस सोडून विंडोजच्या मागे लागणार हे त्याला दिसलं. रीत डॉसची, कोड पूर्ण स्वतःचा. कुणीही उतरवावं, कुणीही वाटावं, धंद्यात वापरावं. जी वाट पॅटरसनला मोकळी होती, तीच वाट फ्रीडॉसला मोकळी राहिली. आपल्या कायद्यातसुद्धा कलम ५२ मध्ये तशी जागा आहे. कायदेशीर प्रत जवळ असेल तर तिचं काम कसं चालतं हे निरखावं, अभ्यासावं, दुसरा प्रोग्राम तिच्याशी जुळवून घेण्यासाठी लागेल ती माहिती काढावी.

मामा : डॉसवाल्याची सोय झाली. ९८ वाल्यानं काय करायचं?

भाची : वाइन आहे, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं. १९९३ पासून लोक ते घडवतायत.

मामा : ते माझ्या पुतण्यानं करून पाहिलं. पानं उघडली. पण मराठीच्या सॉफ्टवेअरला लॉक आहे माय, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. लॉक नाही तर कीबोर्ड नाही, कीबोर्ड नाही तर एक वेलांटी सुधारता येत नाही.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण युनिकोडवर वाढलेल्या वाचकाला हा तिढा माहीत नसतो. आज आपण मोबाइलवर ‘कि’ लिहितो तेव्हा आत क आणि वेलांटी अशा दोन ठरलेल्या संख्या साठतात आणि जगातला कुठलाही संगणक त्या ओळखतो. विंडोजमध्ये ही सोय विंडोज २००० पासून आली. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फाँट तेव्हाचा. त्याआधी, आणि डीटीपीच्या धंद्यात त्यानंतरही बरीच वर्षं, मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसत. आकाराचे तुकडे असत. काना वेगळा, अर्धा स वेगळा, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, रफार नंतर. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती अशा प्रत्येकाची तुकड्यांची मांडणी निराळी. सी-डॅकनं पुढाकार घेतलेलं इस्की हे १९९१ चं भारतीय मानक होतं, पण पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याचा त्याचा फाँटच चाले. तो फाँट नसेल तर गुरुजींचा अख्खा इतिहास इंग्रजी अक्षरांचा गिचमिड ढीग दिसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडत, पुढे तेही बंद झालं. आणि आजच्या ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्राम चालत नाहीत. म्हणजे एका पुस्तकाला चार कुलपं आहेत, प्रणालीचं, पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं, फाँटचं आणि पोर्टातल्या लॉकचं. चारही एकाच वेळी उघडली तरच शब्द सुधारता येतो.

मामा : लॉक फोडून देणारी पोरं आहेत शहरात. ते तरी चालेल का तुझ्या कायद्याला?

भाची : इथं आपला कायदा लोक समजतात त्यापेक्षा समजूतदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५-अ आलं. कुलूप तोडणारा हक्कभंगाच्या हेतूनं तोडत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्यानं मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर तो गुन्हा नाही. फक्त मदत करणाऱ्या तंत्रज्ञानं कुणासाठी, कशासाठी तोडलं याची नावपत्त्यासह नोंद ठेवली पाहिजे. सॉफ्टवेअर तुमचं विकत घेतलेलं आहे, लॉकही तुमचं आहे, ते लावायला मशीनच उरलं नाही. हे मी कोर्टात उभं राहून ठणकावून सांगेन. अमेरिकेत तर २००३ मध्येच असल्या बिघडलेल्या आणि बाजारातून गेलेल्या लॉकसाठी सूट द्यावी लागली होती.

मामा : मग लॉकला एवढी समज आणि सीडीला नाही?

भाची : नाही. कारण लॉकच्या बाबतीत तुम्ही स्वतःचीच प्रत वापरता. सीडीच्या बाबतीत दुसऱ्याची घेता. आणि मामा, तुमचं दुकान आहे. घरी हौस म्हणून चालवलं तर गोष्ट थोडी वेगळी. कलम ६३-ब सांगतं, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून प्रोग्राम वापरला तर कमीत कमी ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापरला नसेल तरच न्यायाधीशाला सबळ कारण नोंदवून कैद टाळता येते. तुमचं पुस्तक छापून द्यायचं बिल होणार आहे. तुम्ही धंद्यात आहात.

मामा : वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या सीडीसाठी कोण येतंय मला धरायला?

भाची : कुणी येणार नाही, असं मलाही वाटतं. पण कुणी बघत नाही म्हणून चालेल, असा सल्ला मी अशिलाला देत नाही, तुम्हाला कसा देऊ?

मला तिचं हे बोलणं आवडलं. जुन्या प्रणालींच्या बाबतीत जगभर एक समजूत आहे की मालकानं विक्री थांबवली, मदत थांबवली, की वस्तू बेवारस झाली. विंडोज ९८ बाजारात आली २५ जून १९९८ ला, तिच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या ११ जुलै २००६ ला. एक्सपीच्या थांबल्या ८ एप्रिल २०१४ ला. त्या तारखांना कंपनीनं आपली जबाबदारी सोडली, हक्क सोडला नाही. हक्क सोडायचा तर आपल्याकडे कलम २१ प्रमाणे तसं रीतसर जाहीर करावं लागतं. नुसतं दुर्लक्ष म्हणजे त्याग नव्हे.

मामा : मग हा हक्क संपणार तरी कधी?

भाची : अमेरिकेत कंपनीनं नोकरांकडून करून घेतलेलं काम प्रकाशनापासून ९५ वर्षं राखलेलं असतं. म्हणजे ९८ साठी २०९३ संपेपर्यंत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, लेखकाचं नावच नसेल तर प्रकाशनानंतर ६०. सगळ्यात कमी धरलं तरी २०५८.

मामा : २०५८! गुरुजींच्या नातवाचे केस पिकतील. तोवर ही फाइल ज्या सीडीवर आहे तिचं काय होईल? अगं, कादंबरी ६० वर्षांनी मोकळी झाली तर ती वाचता येते. डोळे तेच असतात. हे असलं काही ६० वर्षांनी मोकळं झालं तर ते लावायला मशीन कुठून आणणार? पुस्तकाची मुदत सॉफ्टवेअरला लावली हीच मूळ चूक आहे.

भाची : इथं मी तुमच्या बाजूला आहे. आपल्याकडे १९८४ च्या दुरुस्तीनं संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीच्या व्याख्येत बसवलं. अमेरिकेनं १९८० मध्ये तसंच केलं होतं. तेव्हा घाई होती. बिल गेट्सनं तर १९७६ मध्येच हौशी लोकांना उघड पत्र लिहून तुम्ही आमचं बेसिक चोरता असा आरोप केला होता. संरक्षण हवं होतं, साहित्याची चौकट तयार होती, तीत प्रोग्राम टाकला. मुदतीचा विचार कुणी केला नाही.

मामा : मग मालकांनाच सांगा की सोडा म्हणून. त्यांचं काय जातं?

भाची : काहींनी सोडलं. कॅल्डेरा कंपनीनं २००२ च्या जानेवारीत बेल लॅब्जच्या मूळ युनिक्सच्या जुन्या आवृत्त्या सगळ्यांना मोकळ्या केल्या. सीपी/एमची गोष्ट बघा. २००१ मध्ये, तिचे हक्क जिच्याकडे आले होते त्या लिनिओ कंपनीच्या ब्रायन स्पार्क्स यांनी ती वाटायची परवानगी दिली, पण परवानगीची भाषा एका संग्रहापुरती होती. बाकीच्यांनी वाटावी की नाही हा घोळ वीस वर्षं चालला. २०२२ मध्ये त्यांनीच पुन्हा लिहून दिलं की ती सगळ्यांसाठी आहे. हक्काच्या बाबतीत दोन ओळी सैल लिहिल्या की एवढा काळ जातो. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांचा मूळ कोड कॅलिफोर्नियाच्या संगणक इतिहास संग्रहालयाला दिला, नुसता बघायला-अभ्यासायला. २०१८ मध्ये तोच एमआयटी परवान्याखाली पूर्ण मोकळा केला. एप्रिल २०२४ मध्ये आयबीएमबरोबर मिळून डॉस ४.०० सुद्धा.

मामा : मग ९८ ला काय धाड भरलीय?

भाची : विंडोजसारख्या प्रणालीत दुसऱ्या कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेले पुष्कळ भाग असतात. ते एकट्याला सोडता येत नाहीत. कोड द्या असं मी म्हणतच नाही. नुसती चालणारी सीडी, जुन्या नंबरवाल्यांना पुन्हा उतरवता आली तरी पुरे.

मामा : मग तेवढं सरकारनं सांगावं. आता मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ३ ऑक्टोबर २०२४ ला. शिलालेख वाचायला माणसं नेमतील, नेमावीच. पण २००३ ची मराठी वाचता येत नाही त्याचं काय? मघाशी विचारलं होतं, हिच्यासाठी ग्रंथालय कुठाय?

भाची : नाही. खरंच नाही, मामा. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची. मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यात आहे. १९५६ मध्ये वर्तमानपत्रं त्यात आली. सॉफ्टवेअर आजही नाही. आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ ला सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल साठवण करायची मुभा दिली, पण अट अशी की मूळ कृतीची बिगरडिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून हवी. सॉफ्टवेअरची बिगरडिजिटल प्रत असते का कुठं? अट लिहिताना डोळ्यांपुढे फक्त कागद होता. अमेरिकेनं निदान २०१८ मध्ये ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना जुनं सॉफ्टवेअर जपण्यासाठी कुलूप उघडायची सूट दिली. कलम ३१ मध्ये, मालक देत नाही म्हणून कृती लोकांना मिळेनाशी झाली तर सक्तीचा परवाना मागायची तरतूद आपल्याकडे आहे. पण ती लढायला...

मामा : ...एका गुरुजींच्या पुस्तकासाठी मी अमेरिकेच्या कंपनीवर खटला भरू?

भाची : नाही भरू शकत. म्हणूनच म्हणते, ही एकट्यादुकट्याची लढाई नाही.

मामा : मग तोवर मी काय करू ते सांग. गुरुजींचा मुलगा उद्या-परवा येईल विचारायला.

भाची : जुनं मशीन शोधा. सुटी सीडी नको, आख्खं मशीन. ९८ चा परवाना बहुतेक वेळा मशीनबरोबरच विकला जायचा, म्हणून मशीन, त्याची सीडी आणि प्रमाणपत्र तिन्ही एकत्र हातात आलं तर परवानाही रीतसर येतो. कायद्यात विकलेली प्रत पुन्हा विकण्यावर बोट ठेवणारे शब्द होते, ते १९९९ मध्ये संसदेनं काढून टाकले. सीडी धड असली तर त्याच दिवशी तिची राखीव प्रत काढा. जुन्या मशीनला प्रिंटरचं पोर्ट असेल, लॉकही चालेल. एक करा, ते मशीन इंटरनेटला अजिबात जोडू नका. २००६ नंतर तिच्या भोकांना ठिगळ लागलेलं नाही. नेटवरच्या फुकट सीड्यांबद्दलही माझी दुसरी भीती तीच आहे, आत कुणी काय घालून ठेवलंय ते कळत नाही.

मामांनी तसं केलं. बंद पडलेल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या माळ्यावर मशीन मिळालं, कॅबिनेटला प्रमाणपत्र चिकटलेलं, सीडी पाकिटात. पोर्टात लॉक बसलं. गुरुजींचं पाणीटंचाईचं प्रकरण उघडलं, त्यातल्या विहिरींच्या नोंदी मी वाचल्या. आता सगळा मजकूर युनिकोडमध्ये नेणं चालू आहे. रफार आणि जोडाक्षरं रूपांतरात तुटतात, ती हातानं जोडावी लागतात.

तरी मामा आपलं म्हणणं सोडायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, मला मशीन सापडलं हे माझं नशीब, हा काही कायदा झाला नाही. भाचीचं म्हणणं, कायदा चुकीचा असेल तर बदलून घ्यावा, वाकवू नये. माझं मत विचाराल तर कलमाच्या अर्थात भाची बरोबर आहे आणि मागणीत मामा. ज्याच्याकडे पावती आणि नंबर आहे त्याला त्याच आवृत्तीची प्रत कुठल्याही खऱ्या प्रतीवरून घेता आली पाहिजे. कलम ५२ मधले चार-दोन शब्द बदलले तर हे होतं आणि कुठल्याही कंपनीचा एक रुपया बुडत नाही, कारण विक्रीला ठेवलेलं काही इथं नाहीच. ग्रंथालयाच्या मुभेतून बिगरडिजिटल प्रतीची अट प्रोग्रामपुरती काढावी. आणि मुंबईत राज्य मराठी विकास संस्था आहे, पुण्यात सी-डॅक आहे. ज्यांनी हे फाँट घडवले, वापरले ती पिढी अजून हयात आहे. या दोन संस्थांनी मालक कंपन्यांकडून लेखी परवानगी घेऊन जुन्या प्रणालींची, फाँटांची आणि लॉकांची एक चालती खोली उभी करावी. महाराष्ट्रातला कुणीही आपली सीडी घेऊन तिथं यावा आणि मजकूर युनिकोडमध्ये घेऊन जावा.

ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्या वाचकांच्या माळ्यावर जुना संगणक, विंडोजची सीडी, तिची पुस्तिका किंवा मराठी सॉफ्टवेअरचं लॉक पडलं असेल त्यांना विनंती आहे. ते सुटं करून भंगारात देऊ नका, एकत्र ठेवा. सीडी अजून चालत असेल तर तिची प्रत या आठवड्यातच काढा, तो हक्क तुम्हाला कायद्यानं १९९५ पासून आहे. आणि ज्यांनी त्या वर्षांत काही छापलं असेल त्यांनी आपल्या डीटीपीवाल्याला एकदा फोन करून फाइल आहे का, उघडते का, एवढं विचारावं.